आजारातून उठलेलं मूल आणि रात्रभर जागे आई-बाबा: सुरुवात कुठून करायची

मुलीला दवाखान्यातून घरी आणल्याला आठ-नऊ दिवस झाले होते. ती गाढ झोपली होती. ताप नव्हता, खोकला नव्हता, आणि मी अंधारात तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसले होते. आयसीयूतल्या अकरा दिवसांत मी एकदाही रडले नव्हते. कुठे सही करायची, कोणाला कळवायचं, डॉक्टर राउंडला आले की काय विचारायचं, सगळं नीट केलं. घरी आल्यावर मात्र ती नुसती शिंकली तरी माझ्या पोटात गोळा यायचा. डॉक्टर म्हणाले होते, ती बरी आहे. ते खरं होतं. धसका मी घेतला होता.

मूल मोठ्या आजारातून उठलं की पुष्कळ पालकांचं असं होतं. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या वेळा असतात, याविषयी मात्र एक ओळही नसते. म्हणून हे लिहिते आहे. न्यूमोनिया असो, सेप्सिस (संसर्ग हाताबाहेर जाऊन अवयव बिघडणं) असो, मेंदूज्वर, झटके, हृदयाची शस्त्रक्रिया, कॅन्सर, किंवा फार लवकर जन्मलेलं बाळ असो, घरी आल्यावर पहिल्या काही महिन्यांत काय करायचं ते क्रमाने सांगते. माझं मूळ सांगणं एकच आहे. रात्री तीन वाजता घाबरलेल्या मनाने काहीही ठरवायचं नाही. जे ठरवायचं ते दिवसा, डॉक्टरांना विचारून, कागदावर लिहून ठेवायचं. रात्री तो कागद फक्त वाचायचा.

पायरी १: हे काय चाललंय ते ओळखा

संकट टळल्यावर भीती का वाटते, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. दवाखान्यात लक्ष ठेवायला मॉनिटर होता, नर्स होत्या, बेल होती. घरी आल्यावर ते सगळं काम आपल्या अंगावर येतं. शिवाय तिथे रडायला, घाबरायला वेळच नसतो. शरीर सगळं मागे ठेवतं आणि जरा स्वस्थता मिळाली की बाहेर काढतं. म्हणून भीती दवाखान्यात कमी आणि घरी जास्त वाटली, तर त्यात विचित्र काही नाही.

ती साधारण तीन रूपांत येते. एक, आठवणी न बोलावता घुसतात. मशीनची पीप-पीप ऐकू येते, स्पिरिटचा वास आला की आपण परत त्या कॉटशेजारी उभे असतो. दोन, टाळाटाळ सुरू होते. दवाखान्याचा रस्ता नको वाटतो, त्या दिवसांचे फोटो पाहवत नाहीत, कोणी विषय काढला की आपण उठून जातो. तीन, अंग कायम सावध राहतं. झोप लागत नाही, लागली तर मोडते, छातीत धडधडतं, घरच्यांवर उगाच ओरडणं होतं. या तिन्हींतली टाळाटाळ मला सर्वांत घातक वाटते, कारण तिच्यापायी फॉलो-अपची तारीखसुद्धा पुढे ढकलली जाते.

हे मनाचे खेळ नाहीत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ साली आपल्या निदानपुस्तिकेची, म्हणजे डीएसएमची, चौथी आवृत्ती काढली. आपल्या मुलाला जीवघेणा आजार झाल्याचं कळणं हासुद्धा आघात असू शकतो आणि त्यातून पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, होऊ शकतो, असं तिच्यात नोंदवलेलं होतं. पहिले काही आठवडे अशी लक्षणं असणं स्वाभाविक आहे. बहुतेकांची ती हळूहळू ओसरतात. महिना उलटला तरी जोर तोच असेल किंवा वाढत असेल, तर शेवटची पायरी आधी वाचा.

या सगळ्याच्या तळाशी बहुतेक वेळा एक प्रश्न ठुसठुसत असतो: आपण आधीच का नेलं नाही? तो मनात घोळवत बसू नका, फॉलो-अपला थेट विचारा. मी विचारलं होतं. ‘दोन दिवस आधी आणलं असतं तर?’ डॉक्टरांनी फाइल उघडली, दिवसागणिक काय काय घडलं ते दाखवलं आणि म्हणाले, ‘पहिल्या दिवशी माझ्याकडे आणलं असतं तरी मी सर्दीच म्हणालो असतो.’ गंभीर संसर्गाची सुरुवात पुष्कळदा साध्या सर्दी-तापासारखीच दिसते. तुमच्या बाबतीत उत्तर वेगळं असू शकेल. पण खरं उत्तर मिळालं की मन रोज नवनवी उत्तरं रचत बसत नाही.

पायरी २: डॉक्टरांकडून तीन रकाने भरून घ्या

एवढी एकच गोष्ट केलीत आणि बाकी लेख सोडून दिलात, तरी चालेल.

एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने आखा: ‘घरीच बघायचं’, ‘फोन करायचा’, ‘लगेच निघायचं’. पुढच्या भेटीत हा कागद डॉक्टरांसमोर ठेवा. ‘काळजी घ्या’, ‘लक्ष ठेवा’ असं मोघम उत्तर मिळालं तर पुन्हा विचारा. किती ताप? किती तास? कोणत्या नंबरवर फोन? रात्री तो कोण उचलतं? डॉक्टरांचा वेळ जातोय म्हणून संकोच वाटेल. तरी विचारा. ही पाच मिनिटं पुढच्या कित्येक धावपळीच्या रात्री वाचवतात.

माझे चार प्रश्न असे होते. हा आजार परत होण्याची शक्यता कितपत आहे? झालाच तर पहिलं लक्षण काय असेल? घरी नेमकं काय मोजायचं, आणि किती दिवस? चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात: तिला काय काय करू द्यायला आता हरकत नाही? धावणं, पोहणं, शाळा, गर्दी, प्रवास, दुसऱ्यांच्या घरी राहणं, सगळं एकेक करून विचारा आणि उत्तर लिहून घ्या. मनाईची यादी सगळेच देतात. परवानगीची यादी मागून घ्यावी लागते, आणि पुढे पाचव्या पायरीत तीच कामाला येते.

‘लगेच निघायचं’ या रकान्यात बहुतेक मुलांसाठी असलेली काही लक्षणं सांगते. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

श्वास घेताना बरगड्यांमधली किंवा बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणं, श्वासाबरोबर कण्हणं, ओठ किंवा जीभ निळसर-करडी दिसणं. मूल उठवूनही नीट जागं न होणं, अंग टाकून देणं, ओळख न दाखवणं. झटका येणं. काहीच पिता न येणं, किंवा प्यायलेलं सगळं उलटून पडणं. आठ-आठ तास लघवी न होणं. दाबल्यावरही फिका न पडणारा लाल-जांभळा पुरळ. काचेचा पेला त्वचेवर दाबून बघता येतं. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, ताप एवढंच निघायला पुरेसं आहे. कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या किंवा शरीरात सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असलेल्या मुलाला ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही. उपचार करणाऱ्या टीमने सांगितलेल्या आकड्यापर्यंत ताप गेला की लगेच फोन.

श्वास मोजायचे असतील तर नीट मोजा. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, पोट-छातीची हालचाल बघत पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापानुसार दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. मला हे कळेपर्यंत मी रात्र रात्र मोजत होते, आणि किती म्हणजे जास्त हेच मला ठाऊक नव्हतं.

कागद भरला की त्याच्या दोन प्रती करा. एक घरात सगळ्यांना दिसेल अशी, एक मुलाला सांभाळणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे.

पायरी ३: तपासणं कमी करत आणा

हात लावून बघितला, ताप नाही, हुश्श झालं. दहा मिनिटांनी पुन्हा शंका. पुन्हा हात. प्रत्येक वेळी सुटकेचा श्वास मिळतो म्हणून मन पुन्हा तेच मागतं, आणि ‘मी तपासलं म्हणूनच ती ठीक आहे’ हा समज घट्ट होत जातो. न तपासताही ती ठीकच असते, हे बघायची संधी मनाला मिळतच नाही.

तपासणं एकदम बंद करू नका, ते जमतही नाही. आधी दोन दिवस नुसती नोंद ठेवा: किती वेळा ताप पाहिला, रात्री किती वेळा उठलात, इंटरनेटवर किती वेळा शोधलंत. मग त्यातलं डॉक्टरांनी सांगितलेलं किती आणि भीतीने सांगितलेलं किती ते वेगळं करा. डॉक्टरांनी सांगितलेलं एकही चुकवायचं नाही. उरलेल्यातलं थोडं थोडं कमी करायचं. मी दर तासाला उठायचे. आधी दोन तास केले, चार-पाच दिवसांनी तीन. पहिल्या दोन रात्री जीव नुसता टांगणीला लागतो. तो अर्धा-पाऊण तास उलटू दिला की धडधड आपली आपण उतरते. हे एकदा अंगाने अनुभवावं लागतं, वाचून पटत नाही.

ऑक्सिमीटरविषयी जरा बोलते, कारण त्याने मला फार छळलं. बोटं गार असली, मूल हललं, नखांना रंग असला किंवा बोटाच्या मापाचा क्लिप नसला तरी आकडा खोटा कमी दिसतो. डॉक्टरांनी घरी वापरायला सांगितलं नसेल तर तो कपाटात ठेवून द्या. सांगितलं असेल तर दिवसातून किती वेळा आणि कोणत्या आकड्याखाली फोन करायचा, ते कागदावर लिहून घ्या.

इंटरनेटवर शोधण्यासाठी माझा नियम सोपा आहे: रात्री नाही, आणि एकेका लक्षणाचं नाव टाकून तर कधीच नाही. प्रश्न वहीत लिहा, पुढच्या भेटीत विचारा.

वहीचा आणखी एक उपयोग आहे. थॉमस बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली एक पद्धत तपासून पाहिली होती. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. दिवसभरात मनात येईल ते ‘तेव्हा बघू’ म्हणून लिहून ठेवायचं. ऐकायला पोरकट वाटतं. मीही नाक मुरडलं होतं. पण संध्याकाळी वही उघडली की सकाळच्या अर्ध्याअधिक काळज्या शिळ्या झालेल्या असायच्या. एवढंच करा की ही वेळ झोपायच्या आधीची ठेवू नका.

पायरी ४: लाट आलीच तर

काळजाचा ठोका चुकतो, हात गार पडतात, आता काहीतरी होणार असं वाटतं. आधी कागद वाचा. ‘लगेच निघायचं’ मधलं काही असेल तर निघा. नसेल, तर दोन्ही पाय जमिनीवर टेकवून बसा. श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा, चार आकडे घेताना, सहा सोडताना. मग मोठ्याने म्हणा: आज तारीख अमुक, आम्ही घरी आहोत, ती झोपली आहे, तिचा श्वास नीट चालू आहे. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या. भीती आपल्याला त्या जुन्या रात्रीत ओढत असते. तारीख आणि वस्तू आजमध्ये आणून ठेवतात.

पायरी ५: मुलाला पुन्हा मूल होऊ द्या

मॉरिस ग्रीन आणि अल्बर्ट सोलनिट या डॉक्टरांनी १९६४ साली एक गोष्ट मांडली. लहानपणी मरणाच्या दारातून परत आलेली काही मुलं पूर्ण बरी झाली तरी आई-वडील त्यांना कायम नाजूकच समजत राहतात. मग ती मुलं आईला सोडून राहू शकत नाहीत, त्यांना झोपेच्या तक्रारी लागतात, सारखं काहीतरी दुखतं, शाळेत मागे पडतात. त्यांनी याला ‘व्हल्नरेबल चाइल्ड सिंड्रोम’ असं नाव दिलं. मी हे वाचलं त्या दिवशी मला फार लागलं, कारण माझी मुलगी तोपर्यंत जिना चढताना माझ्याकडे बघून विचारायला लागली होती, ‘मी चढू का?’

दुसऱ्या पायरीतली परवानगीची यादी आता काढा. ज्याला डॉक्टरांची हरकत नाही त्या गोष्टी, तुम्हाला वाटणाऱ्या भीतीप्रमाणे, सोप्यापासून अवघडपर्यंत लावा. शेजारच्या खोलीत एकटं खेळणं, अंगणात पळणं, आजीकडे दुपारभर राहणं, अर्धा दिवस शाळा, पूर्ण दिवस शाळा, झोका, पोहणं, मित्राकडे मुक्काम. एकेक गोष्ट घ्यायची, ती भीती कमी होईपर्यंत तीन-चारदा करायची, मग पुढची. मूल तयार आहे का, हा प्रश्न इथे क्वचितच असतो. बहुतेकदा ते दाराशी चपला घालून उभं असतं.

शाळेत पाठवण्याआधी कागदाची प्रत शिक्षकांना द्या, फोन कधी करायचा ते सांगा, आणि मग फोनची वाट बघू नका. एक गोष्ट आधीच ठाऊक असू द्या: लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं सर्वसाधारण आहे. शाळा सुरू झाल्या झाल्या सर्दी होईल. तो आजार परतला असा त्याचा अर्थ होत नाही.

शिस्तही परत आणा. आजारपणात सगळे हट्ट पुरवले, ते ठीकच होतं. पण घरातले नियम अचानक नाहीसे झाले की आपलं काहीतरी भयंकर बिघडलंय हे मुलाला न सांगता कळतं. झोपायची वेळ, खेळणी उचलणं, नाही म्हणजे नाही, यातून त्याला समजतं की घर पहिल्यासारखं झालं.

मुलासमोर फोनवर ती कहाणी पुन्हा पुन्हा सांगू नका. त्याने स्वतः विचारलं तर मात्र उडवून लावू नका. ‘तू खूप आजारी होतीस, म्हणून नळी लावली होती, आता फुप्फुस बरं झालंय म्हणून काढली’, एवढं सरळ, खरं आणि थोडक्यात. बाहुलीला इंजेक्शन देत बसली तर देऊ द्या. लहान मुलं घडून गेलेलं खेळातून पचवतात. तोच खेळ आठवडेच्या आठवडे तसाच चालू राहिला, ती दचकून उठू लागली किंवा सुटलेलं अंथरूण ओलं होणं परत सुरू झालं, तर डॉक्टरांना सांगा.

दुसरं भावंड असेल तर त्याच्याशी वेगळं बसून बोला. माझ्या मुलाने दोन महिन्यांनी विचारलं, ‘मी तिला ढकललं होतं म्हणून झालं का?’ तो एवढे दिवस ते उराशी धरून होता.

पायरी ६: घरातली दोन माणसं

एकाला सतत बोलायचं असतं, दुसऱ्याला विषयच नको असतो. आमच्याकडे बोलणारी मी होते. नवरा कामात बुडाला, आणि मला वाटायचं याला काही वाटतच नाही. एका रात्री तो गाडीत एकटाच बसलेला दिसला.

‘वर का आला नाहीस?’
‘जिना चढताना तुझा आवाज आला की वाटतं, परत काहीतरी झालं. म्हणून जरा थांबतो.’

मग आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. रात्रीच्या पाळ्या: ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत झोपायचं, आणि पाळीवाल्याने काय केलं ते सकाळी विचारायचं नाही. आणि रोज पंधरा मिनिटं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने सल्ला न देता ऐकायचं. मूल एकट्याने वाढवत असाल तर आठवड्यातून एक रात्र तरी पाळी घेईल असं विश्वासाचं माणूस शोधा, आणि कागद त्याच्या हातात द्या. सलग झोप मिळाली नाही तर वरची एकही पायरी जमत नाही.

नातेवाइकांसाठी एक वाक्य तयार ठेवा: ‘ती बरी आहे, सविस्तर आम्ही नंतर सांगू.’ कुणाकुणाला ते तोडून बोलल्यासारखं वाटेल. वाटू दे.

ज्यांचं आजारपण संपलेलं नाही

कॅन्सरच्या तपासण्या चालू आहेत, झटके पुन्हा येऊ शकतात, आणखी एक शस्त्रक्रिया बाकी आहे, अशा पालकांना ‘आता घाबरायचं कारण नाही’ असं मी म्हणणार नाही. कारण आहे. तुमच्यासाठी काम वेगळं आहे: त्या भीतीला दिवस वाटून द्यायचे. स्कॅनच्या आधीचे चार-पाच दिवस कठीण जाणार हे धरूनच चला. त्या दिवसांत दुसरं काही अवघड ठेवू नका, निकाल कधी आणि कोण सांगणार ते आधीच विचारून घ्या. स्कॅनमधल्या महिन्यांत मात्र वरच्या सगळ्या पायऱ्या तुम्हालाही लागू आहेत.

पायरी ७: मदत कधी आणि कशी मागायची

महिन्यानंतरही रोज तेच प्रसंग डोळ्यांसमोर येत असतील, झोप उडाली असेल, कामावर जाता येत नसेल, मुलाला एक क्षणही नजरेआड करता येत नसेल, दवाखाना टाळला जात असेल, मन बधिर होऊन मुलाविषयी काही वाटेनासं झालं असेल, किंवा झोपेसाठी दारू-गोळ्यांचा आधार घ्यावा लागत असेल, तर तज्ज्ञाकडे जा. जगणं नको असा विचार मनात आला तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका, थेट तातडीच्या विभागात गेलात तरी चालेल.

सुरुवात मुलाच्या डॉक्टरांपासूनही करता येते. ‘मी ठीक नाही, मला कोणाकडे पाठवाल?’ एवढं पुरेसं आहे. आघातावर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ मागा. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धती) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारी) या दोन्ही पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली पीटीएसडीसाठी सुचवल्या आहेत. तिथे गेल्यावर ‘टेन्शन येतं’ असं म्हणून थांबू नका. किती रात्री जागलात, दिवसाला किती वेळा ताप पाहता, काय टाळता, ते वहीतून वाचून दाखवा. तिसऱ्या पायरीतली नोंद इथे कामाला येते. आणि वडिलांनीही जावं. त्यांना कोणी ‘तुम्ही कसे आहात’ असं विचारत नाही, म्हणून त्यांचं बरेचदा उशिरा लक्षात येतं.

पहिला ताप

कितीही तयारी केली तरी हा दिवस येतोच. आमच्याकडे तो चौथ्या महिन्यात आला. रात्री साडेअकराला मुलगी गरम लागली, १०१. माझे हात थरथरायला लागले. नवऱ्याने कागद काढून आणला आणि मोठ्याने वाचला. पाणी पितेय? हो. श्वास मोजले, ३२. हाक मारल्यावर बोलली? बोलली, वैतागून. तिच्यासाठी लिहिलेला रकाना होता ‘घरीच बघायचं, सकाळी फोन’. वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध दिलं, दोनचा गजर लावला. पाळी त्याची होती. मी दुसऱ्या खोलीत जाऊन आडवी झाले. झोप लागली नाही, पण उठूनही गेले नाही. सकाळी सातला ती माझ्या उशाशी येऊन, नाक पुसत, शाळेला सुट्टी आहे का ते विचारत होती.